चार मिनिटांचा दिवा: प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५

दिवाळीच्या सीझनला मागवलेले पिक्सेल बल्ब (प्रत्येक वेगळा, हव्या त्या रंगात पेटवता येतो असे), साठ-एक नग, दुकानात तसेच पडून आहेत. एका गिऱ्हाईकाने ऐनवेळी ऑर्डर फिरवली. दुकानातल्या दिव्यांच्या बोर्डात वापरायचे म्हणलं तर माप वेगळं, परत द्यायचे म्हणलं तर घेत नाहीत. तर आता यांचं काहीतरी करायचं.

खरं कारण मात्र बल्ब नाहीत, खरं कारण पुतणी. नववीत आहे, १५०० मीटर पळते, आत्तापर्यंतचं बेस्ट ५ मिनिटं ९ सेकंद, आणि तिला पाचच्या आत यायचंय. जूनच्या २६ तारखेला आम्ही दोघं रात्री जागून मोबाईलवर फेथ किपयेगॉनचा पॅरिसमधला प्रयत्न बघितला होता, बाईने एक मैल चार मिनिटांच्या आत पळायचा. १५०० ची तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेली बाई, पुढे-मागे पेसरचा (ठरल्या वेगाने पळून साथ देणाऱ्यांचा) ताफा, खास कपडे, खास बूट, सगळं करून ४ मिनिटं ६ सेकंदांवर थोडं झालं. पुरुष पेसर असल्यामुळे अधिकृत रेकॉर्ड म्हणून धरणार नव्हतेच, तिचं खरं रेकॉर्ड २०२३ चं मोनॅकोतलं ४:०७.६४. पुतणी म्हणाली, "काका, सहाच सेकंद राहिले की." मी म्हणलं सहा सेकंद म्हणजे त्या स्पीडला चाळीस मीटर, आपल्या घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत. तिला ते खरं वाटेना. तिथून डोक्यात बसलंय, सेकंद दिसत नाहीत, मीटर दिसतात. सेकंदाला मैदानात पळायला लावलं पाहिजे.

मोठ्या स्पर्धांमध्ये हे असतंच आता, ट्रॅकच्या आतल्या कडेला दिवे, ठरवलेल्या वेगाने प्रकाश पुढे सरकतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये मोनॅकोला युगांडाच्या चेप्टेगेईने ५००० चं रेकॉर्ड १२:३५.३६ केलं ते असल्याच दिव्यांच्या जोडीने. आपल्याकडे शाळेचं मैदान आहे, फक्कीने आखलेला २०० मीटरचा ट्रॅक. बल्ब आहेत. सोल्डरिंग येतं. बघू.

५ नोव्हेंबर

आज नुसता हिशोब.

मैल म्हणजे १६०९.३४४ मीटर. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद. सेकंदाला ६.७ मीटर, तासाला २४ किलोमीटरच्या जरा वर, मैलात बोललं तर बरोब्बर ताशी १५ मैल. २०० मीटरची फेरी २९.८३ सेकंदात. पन्नास बल्ब चार-चार मीटरवर लावले तर दर ०.६ सेकंदाला एक बल्ब पुढे.

पुतणीचं गणित जास्त गोड आहे, १५०० मीटर ५ मिनिटांत म्हणजे सेकंदाला पाच मीटर, फेरी ४० सेकंदात, साडेसात फेऱ्या, दर ०.८ सेकंदाला बल्ब. कागदावर इतकं गोल येतं की वाटतं हे अंतर मुद्दाम हिच्यासाठीच काढलंय.

गोल आकड्यावरून आठवलं. पीटीचे सर दुकानात आले होते, त्यांना म्हणलं सर, १५०० मध्ये कुणी ३:३० च्या आत आलं तर पेपरात दोन ओळी येतात, आणि मैलाची चार मिनिटं सत्तर वर्षं झाली तरी लोक उगाळतात, असं का. ते म्हणाले अरे ४०० मीटरच्या मोठ्या ट्रॅकवर मैल म्हणजे चार फेऱ्या आणि चार मिनिटं, एका फेरीला एक मिनिट, शेंगा खात बसलेल्या माणसालाही घड्याळ बघून कळतं की गडी पुढे आहे का मागे. १५०० म्हणजे पावणेचार फेऱ्या, तिथं बघणाऱ्याला पाढे म्हणत बसावं लागतं. मला पटलं. यार्ड-मैलातली बाकीची अंतरं जागतिक विक्रमांच्या यादीतून गेली, मैल तेवढा राहिला, त्याचं कारणही हेच असावं.

९ नोव्हेंबर

रविवार. वायर टाकायला गेलो तर मैदानात क्रिकेट. पोरांशी तह झाला, दहापर्यंत आमचं, नंतर त्यांचं, आणि त्यातली चार पोरं कामाला मिळाली.

आखणी अशी, दोन सरळ पन्नास-पन्नास मीटरचे आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळं. अर्धवर्तुळासाठी मधे खुंटी ठोकून १५.९२ मीटरची दोरी फिरवली, म्हणजे दोन्ही वळणं मिळून शंभर मीटर. अर्ध्या इंची पाइपचे तुकडे जमिनीत ठोकून त्यांच्यावर बल्ब बसवले, पायाखाली येऊ नयेत म्हणून. वायर दीड इंच खोल चरात. चर काढायला दोन तास गेले, कुदळीचा दांडा निसटला, एका पोराच्या पायाला लागता लागता राहिला.

संध्याकाळी चालू केलं. पहिले अकरा बल्ब व्यवस्थित, बाराव्यापासून पुढे वेड्यासारखे लुकलुकतायत, मनाला येईल तो रंग. बाराव्याचा जोड उघडला तर आत माती. परत सोल्डर, वरून हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी).

१२ नोव्हेंबर

सगळे पन्नास बल्ब एकदम पांढरे लावून बघितले, सुरुवातीचे झक्क आणि शेवटचे पिवळट, लालसर, आजारी. व्होल्टेज पडतंय. तीन अँपिअर इतक्या लांब बारीक वायरीतून न्यायचे म्हणल्यावर दुसरं काय होणार. दुसरी बॅटरी मैदानाच्या पलीकडच्या बाजूला लावू म्हणून यूपीएसमधली जुनी १२ व्होल्टची शोधत बसलो, आणि मग एकदम लक्षात आलं की मी बोर्डवाल्यासारखा विचार करतोय. बोर्डात सगळं एकदम पेटलेलं लागतं. इथं एका वेळी एकच बल्ब लागणार, फार तर तीन. तसं लावलं, शेवटचा बल्बही पांढराशुभ्र.

दुसरी अडचण सुटली नाही. ऊन वर आलं की दिवा दिसतच नाही. म्हणजे पहाटे सहा ते पावणेसात किंवा संध्याकाळी सहानंतर. वहिनीला पहाटेचं सांगितलं तर तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते नोंदीत लिहिण्यासारखं नाही.

१६ नोव्हेंबर

आजची नोंद मोठी होणार. आजच्यासाठी हा सगळा उद्योग केला असं म्हणलं तरी चालेल.

पुतणीचं नंतर, आधी मला बॅनिस्टर बघायचा होता. रॉजर बॅनिस्टर, चार मिनिटांच्या आत मैल पळालेला पहिला माणूस, ६ मे १९५४, ऑक्सफर्डचा इफ्ली रोड ट्रॅक, ३ मिनिटं ५९.४ सेकंद. माणूस २५ वर्षांचा, लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात डॉक्टरकी शिकत होता, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत प्रॅक्टिस करायचा. त्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या लॅबमधल्या दगडावर स्पाइकची (बुटाच्या तळाच्या खिळ्यांची) टोकं घासली, त्यांना ग्रॅफाइट लावलं (ट्रॅक राखेचा, ओली राख बुटाला चिकटते म्हणून), आणि रेल्वेने ऑक्सफर्डला गेला. वारा इतका होता की पळायचं का नाही हेच ठरत नव्हतं, चर्चवरचा झेंडा जरा पडला तेव्हा शर्यतीच्या थोडं आधी हो म्हणाला. हे असलं वाचलं की मला बरं वाटतं, म्हणजे जगातली इतकी मोठी गोष्ट आणि ती एका फडक्याच्या फडफडण्यावर अडून बसलेली.

तर दोन दिवे सोडले. लाल दिवा म्हणजे सरळसोट चार मिनिटं, एका वेगाने. पांढरा दिवा बॅनिस्टर, त्याच्या चार फेऱ्यांच्या नोंदलेल्या वेळा घालून: ५७.५, ६०.७, ६२.३, ५८.९. आपली फेरी २०० ची, म्हणून आठ फेऱ्या आणि वर नऊ मीटर चौतीस सेंटिमीटर, तेवढं मागून सुरुवात. प्रत्येक पावमैलाच्या आतला वेग मी सारखा वाटून टाकलाय, ती माझी पदरची सोय.

सव्वासहा वाजले होते, अंधार पडलेला. क्रिकेटची पोरं, पीटीचे सर, दोन-तीन फिरायला आलेली माणसं. त्यांना एवढंच सांगितलं की लाल म्हणजे भिंत आणि पांढरा म्हणजे माणूस.

पांढरा सुरुवातीलाच सुटला. पहिल्या पावमैलाला लालच्या पुढे अडीच सेकंद, म्हणजे इथं सोळा-सतरा मीटर, चार बल्ब. पोरं म्हणाली हे तर सोप्पं आहे. (खरा बॅनिस्टर त्या फेरीत पुढे पळून वेग धरून देणाऱ्या ब्रॅशरला ओरडून सांगत होता की जोरात पळ, त्याला वेग कमी वाटत होता. ब्रॅशरने ऐकलं नाही, आपल्या वेगाने पळत राहिला, आणि तेच बरं झालं. दिव्याचंही तसंच, ओरडा किती ओरडायचं ते.) अर्ध्या मैलाला १:५८.२, अजून पुढे पण अंतर कमी झालेलं. मग तिसरा पावमैल. मैलाची तिसरी फेरी नेहमीच नासकी असते, सुरुवातीची हौस संपलेली आणि शेवट अजून दिसत नाही. पांढरा हळूहळू मागे, मागे, तीन बल्बांचं अंतर, दोन, एक, आणि मग दोन्ही दिवे एकाच बल्बावर आले, बल्ब गुलाबी झाला, आणि लाल पुढे निघून गेला.

एक म्हातारबाबा म्हणाले, "गेला का हो?"

तीन पावमैलांना ३ मिनिटं ०.५. म्हणजे एक फेरी उरलेली असताना चार मिनिटांच्या भिंतीच्या अर्धा सेकंद मागे. मी हा आकडा कितीदा तरी वाचलाय, पण तो साडेतीन मीटर असतो हे आज बघितलं. लालच्या मागे एक बल्ब, कधी कधी मधे अंधाराचा एक तुकडा. खऱ्या शर्यतीत तोपर्यंत ब्रॅशर मागे पडून दुसरा पेसर चॅटवे पुढे आला होता, आणि शेवटच्या फेरीत अर्ध्याच्या आसपास बॅनिस्टर त्याला ओलांडून एकटा सुटला. आमच्या मैदानात पण साधारण तिथंच, परत एकदा बल्ब गुलाबी. पोरं उभी राहून ओरडायला लागली. दिव्यासाठी! शेवटी पांढरा चार मीटर पुढे.

तिकडे निकाल सांगणारा नॉरिस मॅकव्हर्टर "तीन मिनिटं" एवढं बोलला आणि पुढचे सेकंद लोकांच्या आरड्यात बुडाले. इकडे क्रिकेटमधला एक जण म्हणाला, "परत लावा." तीनदा लावलं.

नंतर पोरं लाल दिव्याबरोबर पळायला लागली. पहिल्या सरळात सगळे, वळणावर निम्मे, सगळ्यात जास्त टिकला तो एकशेवीस-तीस मीटर. मीही पळालो. चप्पल काढून. किती ते लिहीत नाही.

१९ नोव्हेंबर

दुकानात एक ओळखीचे आले, कुठंतरी मोटिव्हेशनचं लेक्चर ऐकून आलेले. म्हणाले, तुमचा तो बॅनिस्टर, त्याने चार मिनिटं मोडली आणि मग लोकांच्या मनातली भिंत पडली, वर्षभरात ढिगाने लोक चारच्या आत आले. हे मी शंभरदा ऐकलंय आणि दरवेळी डोकं फिरतं.

ढीग वगैरे काही नाही. ४६ दिवसांनी, २१ जून १९५४ ला, ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी फिनलंडमध्ये तुर्कूला ३:५८ पळाला, आणि त्या अख्ख्या वर्षात चारच्या आत आलेली माणसं दोनच, बॅनिस्टर आणि लँडी. ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरला दोघं एकमेकांसमोर पळाले आणि दोघंही चारच्या आत आले, बॅनिस्टर ३:५८.८, लँडी ३:५९.६. पुढचे तिघं एकदम आले ते मे १९५५ मध्ये लंडनला: हंगेरीचा तबोरी, आणि त्याच्या मागे चॅटवे आणि ह्यूसन.

आणि मुळात रेकॉर्ड नऊ वर्षं ४:०१.४ वर अडलं होतं ते काय सगळ्या जगाच्या मनाला गंज चढला म्हणून? ते रेकॉर्ड स्वीडनच्या गुंडर हेगचं, १९४५ चं. स्वीडन महायुद्धात नव्हतं, तिथं हेग आणि अँडरसन एकमेकांना पळवत होते, बाकीच्या युरोपातली त्या वयाची पोरं कुठं होती हे सांगायला नको. लँडी बिचारा १९५२ पासून चार मिनिटं दोन-तीन सेकंदांवर परत परत येत होता, पुढे धरायला कुणी नाही, मागे लागायला कुणी नाही. तुर्कूला त्याच्या मागे कोण होतं? चॅटवे! ऑक्सफर्डला ज्याने बॅनिस्टरला ओढलं तोच लँडीला ढकलायला हजर. मन असेल, नाही म्हणत नाही, पण मनाच्या आधी एक माणूस लागतो पुढे किंवा मागे. नाहीतर दिवा.

ते म्हणाले, "तुमचं खरं असेल, पण लेक्चरमध्ये तसं चांगलं वाटतं." मी त्यांना बोर्डाचं बिल दिलं.

रात्री पुतणीला डायान लेदर सांगितली. हिचं नाव लेक्चरमध्ये कधीच येत नाही. बॅनिस्टरनंतर फक्त २३ दिवसांनी, २९ मे १९५४, बर्मिंगहॅम, ४:५९.६, पाच मिनिटांच्या आत मैल पळालेली पहिली बाई. युनिव्हर्सिटीत केमिस्टचं काम करायची. त्या वेळी बायकांचा मैल जागतिक रेकॉर्ड म्हणून धरतच नव्हते, ते सुरू झालं १९६७ ला. ऑलिंपिकमध्ये तर बायकांना १९२८ नंतर ८०० मीटरसुद्धा १९६० पर्यंत नव्हतं आणि १५०० आलं १९७२ ला. म्हणजे ही भिंत पाडून आली आणि लोक म्हणाले, कुठली भिंत?

पुतणी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तिचा मैल पाचचा आणि माझे १५०० पाचचे, म्हणजे मी तिच्यापेक्षा किती मागे?" काढलं, लेदरच्या वेगाने १५०० मीटर ४:३९ ला संपतात. एकवीस सेकंद. तिने वहीत लिहून घेतलं.

२३ नोव्हेंबर

पहाटे सहा. थंडी बरी, गवतावर दव, एक बल्ब मेलेला (३४ नंबर, बदलला). फेरी ४० सेकंदांवर सेट, पुतणीसाठी हिरवा दिवा, तिनेच मागितला. सुरुवात पलीकडच्या सरळातून, साडेसात फेऱ्या असल्यामुळे.

पाच फेऱ्या दिव्याला चिकटून होती. इतकी चिकटून की तिच्या पायांवर हिरवा उजेड पडत होता. सहाव्या फेरीच्या वळणावर दिवा एक बल्ब पुढे गेला. ती प्रत्येक वळणावर थोडी मागे पडत होती आणि सरळात भरून काढत होती, वळणावर परत मागे. मी ओरडत होतो की वळणावर ढिली पडू नकोस. शेवटी दिवा विझला आणि ती अजून दहा मीटर मागे.

५:०२.१.

तिचं आजपर्यंतचं बेस्ट, सात सेकंदांनी. पण तोंड बघितलं असतं तर वाटलं असतं नापास झाली. म्हणाली, "काका, वळणावर दिवा पळतोच जास्त." मी म्हणलं दिवा सारखाच पळतो, प्रोग्राम मी लिहिलाय.

२६ नोव्हेंबर

दिवा वळणावर खरंच जास्त पळत होता.

रात्री मैलाची सुरुवातीची रेघ नीट आखायची म्हणून वाचत बसलो, ४०० च्या ट्रॅकवर मैलाची रेघ शेवटच्या रेघेच्या ९.३४ मीटर मागे असते, मग प्रश्न आला की ४०० मोजतात कुठून. आणि तिथं उत्तर होतं: आतल्या कर्बवरून (कडेच्या उंच काठावरून) नाही, कर्बपासून ३० सेंटिमीटर बाहेरून. कारण माणूस काय कर्बवर पाय ठेवून पळत नाही.

मी २०० मीटर मोजले ते बल्बांच्या रेषेवर. पोरगी पळते बल्बांच्या बाहेरून, निदान ३० सेंटिमीटर. म्हणजे तिची प्रत्येक फेरी १.८८ मीटर जास्त, आणि ते सगळंच्या सगळं वळणावर. साडेसात फेऱ्यांना १४ मीटर. ती १५०० पळालीच नाही, ती १५१४ पळाली ५:०२.१ मध्ये. भागाकार तीनदा केला. १५०० चे होतात ४:५९.३.

रात्री साडेअकरा वाजले होते. भावाच्या घरी लाईट चालू दिसत होती, तरी गेलो नाही. काय सांगायचं, की तू पाचच्या आत आली होतीस आणि तुला तुझ्या काकाच्या दोरीने हरवलं? आणि वर तिच्यावर ओरडलो, ढिली पडू नकोस म्हणून.

२७ नोव्हेंबर

सकाळी सांगितलं. आधी हसली, मग म्हणाली, "म्हणजे मी बरोबर बोलत होते." एवढंच. मी विचारलं, ४:५९ धरायचे का, वहीत लिहू? म्हणाली, "कॅल्क्युलेटर पळाला ना तो."

अविनाश साबळेची गोष्ट पोरांना तोंडपाठ आहे, आष्टी तालुक्यातला गडी, २०२४ च्या जुलैत पॅरिसला स्टीपलचेस (अडथळ्यांवरून उड्या मारत ३००० मीटर) ८:०९.९१ मध्ये, ८:१० च्या आत नऊ शतांशाने. पुतणी म्हणते नऊ शतांश चालतील, पण घड्याळातले.

३० नोव्हेंबर

वळणांची दोरी १५.६२ मीटर. अख्खा दिवस. सरळातल्या पाइपांमधलं अंतर तेवढंच ठेवलं, ते फक्त आत सरकवले, पण दोन्ही वळणांवरचे सगळे बल्ब उपटून परत, दोन बल्बांमधलं अंतर चार मीटरचं ३.९२. क्रिकेटच्या पोरांनी या रविवारी तह मोडला, दोन ओव्हर झाल्याशिवाय कुदळ देईनात. एक चेंडू १७ नंबरच्या बल्बवर बसला, बल्ब गेला. पीटीचे सर टेप घेऊन आले आणि बल्बांच्या रेषेपासून ३० सेंटिमीटर बाहेर फक्की मारून दोघांनी टेपने मोजलं. २०० मीटर आणि सात सेंटिमीटर. सर म्हणाले चालतंय, तालुक्याच्या मैदानापेक्षा बरं आहे.

सांगायचं राहिलं, बॅनिस्टर विद्यार्थी असताना ऑक्सफर्डच्या क्लबचा अध्यक्ष होता, तेव्हा त्याच्या पुढाकाराने इफ्ली रोडचा जुना तीन फेऱ्यांना मैल होणारा ट्रॅक काढून चार फेऱ्यांचा नवा झाला. आणि चार वर्षांनी त्याच ट्रॅकवर तो पळाला. आज दिवसभर चर खणताना हे आठवत होतं, त्यानेही कुणाकडून तरी मोजून घेतलंच असणार.

४ डिसेंबर

पहाट, वारा थोडा, पश्चिमेकडून. हिरवा दिवा ४० सेकंदांवर.

या वेळी वळणावर मागे पडली नाही. साडेसहा फेऱ्या बरोबर. शेवटच्या फेरीत मागच्या सरळात वारा समोरून आला आणि दिवा निघून गेला, दोन-तीन मीटर, जास्त नाही. ५:००.६.

मी बॅटरी काढत होतो, ती गुडघ्यावर हात ठेवून वाकलेली, श्वास सापडत नव्हता. सर घड्याळ बघत काहीच बोलले नाहीत. मग तिनेच विचारलं, "रविवारी दिवा जोरात सोडता येईल का?" म्हणलं किती. म्हणाली, पाचच्या दिव्याबरोबर पळालं की पाचच होतात, जरा पुढचा लाव.

करायची कामं: १७ आणि ४१ नंबरचे बल्ब बदलणे. एका सरळात वायर उघडी पडलीय, माती टाकणे. बॅटरी चार्ज. फेरी ४० ऐवजी ३९.८, शेवट ४:५८.५ ला.